रुग्णाइताची रात्र आणि आपले वाङ्मय

मराठीत ‘जागरण’ या शब्दास मोठा मान आहे. खंडोबाचे जागरण, एकादशीचा हरिजागर, मंगळागौरीची रात्र, कोजागरीची पौर्णिमा, अशा कितीतरी निमित्तांनी आपली माणसे रात्र जागून काढीत आली आहेत. आणि ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, यांपैकी एकही जागरण एकट्याने करावयाचे नसते. कोठे वाघ्या-मुरळी असतात, कोठे टाळकरी असतात, कोठे फुगड्या घालणाऱ्या शेजारणी असतात. कोजागरीस तर प्रत्यक्ष लक्ष्मी ‘कोण जागे आहे?’ असे विचारीत फिरते, अशी आपली श्रद्धा. परंतु याच समाजात एक जागरण असे आहे की, त्यास देवता नाही, टाळमृदंग नाही आणि विचारणारेही कोणी नाही. दीर्घ आणि दारुण दुखण्याने पडलेल्या मनुष्याचे ते जागरण होय. त्यास आपण जागरण म्हणतच नाही. ‘निद्रानाश’ हा वैद्यकातला कोरडा शब्द योजून विषय मिटवितो. या जागरणाचे आपल्या वाङ्मयात काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे. दुखण्याविषयीच्या पुस्तकांचे परीक्षण करताना भाषाशैली, प्रांजलपणा, माहितीची अचूकता असे निकष लावण्याची आपली रीत आहे. आमच्या मते त्यांत आणखी एका निकषाची भर घातली पाहिजे. तो असा की, रात्री दोन वाजता जाग्या असलेल्या रुग्णाइतास हे पुस्तक सोबत करू शकेल काय?

या निकषाची निकड ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील वाचकांस फोडून सांगण्याचे कारण नाही. परळचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी उघडले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या. पुढे त्यांचे पती सर दोराबजी यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने हे रुग्णालय उभारले. आज आठ दशकांनंतर मध्य रेल्वेच्या काठी राहणाऱ्या कुटुंबांत ‘टाटाला दाखवले’ एवढे शब्द कानी पडले की पुढे काही विचारावे लागत नाही. ठाण्याहून, डोंबिवलीहून, कल्याणहून औषधोपचारासाठी परळला जाणाऱ्यांकरिता लोकलगाडीत एक लहान डबा असतो; दिव्यांग आणि कर्करुग्ण यांच्यासाठी तो राखून ठेवलेला आहे. त्या डब्यात नाव-गाव विचारण्याआधी ‘कितवी केमो?’ असे विचारले तरी कोणास ते उद्धटपणाचे वाटत नाही. डोक्यावरचा रुमाल तेथे कोणी निरखून पाहत नाही. कोणत्या गोळीने तोंडास चव राहत नाही, कोणत्या सुईनंतर दोन रात्री डोळ्यास डोळा लागत नाही, हे ज्ञान तेथे आपोआप एका बाकावरून दुसऱ्या बाकावर जाते. पण संध्याकाळी ही माणसे आपापल्या स्थानकावर उतरून पांगतात. मग मध्यरात्रीनंतरची शेवटची लोकल निघून गेल्यापासून पहाटेची पहिली लोकल ऐकू येईपर्यंतचा जो काळ, तो प्रत्येकास एकट्यानेच काढावयाचा असतो. त्या काळात मेल व मालगाड्या रुळांवरून धडधडत जातात. पण त्यांतली एकही त्याच्यासाठी थांबणारी नसते.

रात्रच इतकी अवघड का, हेही टीकाकाराने जाणून घेतले पाहिजे. कारण त्यावाचून वाङ्मयातल्या रात्रीचा खरेखोटेपणा ओळखता येणार नाही. ओकारी होऊ नये म्हणून केमोथेरपीबरोबर डेक्सामेथासोनसारखी औषधे देतात. ती झोप उडवितात. स्तनाच्या कर्करोगात संप्रेरकांस आळा घालणारी औषधे चालू असता अंगाची एकाएकी लाही होऊन घाम फुटतो आणि जाग येते. दिवसा चार माणसांच्या बोलण्यात विसरली गेलेली वेदना निजानीज झाल्यावर मोठी होते. थकव्याने दुपारी डोळा लागलेला असतो, त्याची किंमत रात्री द्यावी लागते. आणि या सर्वांवर पुढील तपासणीची चिंता. म्हणजे ही जाग पुष्कळदा औषधाची व शरीराची असते. तीत मनाच्या दुबळेपणाचा अंश शोधणे हा अन्याय आहे. यांतील बऱ्याच गोष्टींवर इलाज आहेत. वेदनाशामके दुखू लागण्याची वाट न पाहता घड्याळाप्रमाणे घ्यावयाची असतात. झोप उडविणारे औषध सकाळच्या वेळी घेता येईल काय, हे डॉक्टरांस विचारता येते. जुनाट निद्रानाशावर प्रथम गोळी न देता विचार व सवयी बदलण्याचे उपचार द्यावेत, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१६ मध्ये केली. त्या उपचारांतला एक नियम असा की, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडू नये. उठावे, दुसरीकडे बसावे, मंद प्रकाशात काही शांत वाचावे, आणि डोळे जड झाल्यावरच पुन्हा पडावे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, जेथे बाहेरच्या खोलीत मुले निजलेली असतात, तेथे उठून जावयाचे कोठे, हा प्रश्न निराळा. परंतु रुग्णाइताने रात्री वाचावे असे खुद्द उपचारशास्त्रच म्हणत असेल, तर त्याने वाचावे काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या टीकाकाराकडेच येतो.

आणि येथे आपले वाङ्मय उणे पडते. आजारपणाच्या आत्मकथनांची मराठीत वाण नाही. कर्करोगावर लिहिणाऱ्यांत धैर्यवान माणसे आहेत आणि त्यांच्या धैर्याविषयी आम्हांस आदर आहे. तथापि या प्रकारच्या लेखनाचा एक साचा बनून गेला आहे. प्रथम निदानाचा वज्राघात, मग निश्चय, मग झुंज, मग विजय, आणि शेवटी वाचकांस ‘हिंमत सोडू नका’ हा उपदेश. या साच्यात दिवस पुष्कळ असतात, रात्री फारशा नसतात. कारण झुंज देणाऱ्या वीरास रात्री दोन वाजता रडू कोसळले, हे त्या कथेस परवडत नाही. सुसान सोंटॅग या अमेरिकन लेखिकेने १९७८ साली या युद्धाच्या भाषेवर एक पुस्तकच लिहिले. ती स्वतः कर्करोगाची रुग्ण होती, पण पुस्तकात तिने स्वतःच्या दुखण्याचे अवाक्षर काढले नाही. रोगास शत्रू, उपचारास लढाई व रुग्णास योद्धा म्हटले, की जो बरा होत नाही तो आपोआप पराभूत ठरतो, हा या भाषेचा दोष आहे. आपल्याकडे यास हसऱ्या रुग्णाची जोड मिळाली. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘आनंद’ हा चित्रपट १९७१ साली आला आणि मरणाच्या दारात उभा राहून सर्वांस हसविणारा त्याचा नायक घरोघर आदर्श होऊन बसला. चित्रपट म्हणून त्याचे गुण आम्ही नाकारीत नाही. परंतु त्या आदर्शाचा भार ज्यास उचलावा लागतो, तो मनुष्य घरच्यांपुढे दिवसभर हसतो आणि रात्री भिंतीकडे तोंड करून जागा राहतो. ‘धीर धरा’ असे म्हणणारे प्रेमानेच म्हणतात, यात शंका नाही. पण त्या दोन शब्दांनी रुग्णाचे बोलणे संपते, हेही खरे.

याउलट ज्या लेखकांनी रात्र टाळली नाही, त्यांच्याकडे पाहावे. टॉलस्टॉयची ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ ही दीर्घकथा १८८६ सालची. तीत रोगाचे नाव शेवटपर्यंत निश्चित होत नाही. पुष्कळ वाचकांनी तो कर्करोगच मानला आहे. इव्हान इलिच हा मोठा न्यायाधिकारी. त्यास शरीराच्या वेदनेइतकीच एका असत्याची वेदना होते. घरातील सर्व मंडळी, त्याचे डॉक्टर व स्नेही, तो केवळ आजारी आहे, नीट औषध घेतल्यास बरा होईल, असे सोंग चालवितात आणि त्यासही त्या सोंगात सामील व्हावयास लावतात. या घरात गेरासिम नावाचा एक खेडवळ गडी तेवढा सोंग करीत नाही. धन्याचे पाय उंच धरले म्हणजे त्यास बरे वाटते, एवढे कळताच तो ते आपल्या खांद्यावर घेऊन बसतो, कधी रात्ररात्र बसतो. मरण सर्वांसच यावयाचे आहे, मग थोडे कष्ट घेण्यास काय हरकत, असा त्याचा साधा हिशेब असतो. टॉलस्टॉयने रात्रीच्या सोबतीचे दोन घटक येथे दाखविले आहेत: एक, खोटे न बोलणे, आणि दुसरा, जवळून न उठणे. गेरासिम काही उपदेश करीत नाही. त्याच्याजवळ उपदेश नसतोच.

गेरासिम निरोगी होता. सोबत करणारा स्वतःही त्याच रोगाने पडलेला असेल तर काय होते, हे पाहावयाचे असल्यास सोल्झेनित्सिनच्या ‘कॅन्सर वॉर्ड’ या कादंबरीकडे वळावे लागते. लेखकाने स्वतः १९५४ साली ताश्कंद येथे या रोगावर उपचार घेतले होते. कादंबरी १९६८ मध्ये रशियाबाहेर प्रसिद्ध झाली. तीत डेम्का नावाचा एक सोळा वर्षांचा मुलगा आहे. त्याचा पाय कापावा लागणार असतो. त्याच्याच वयाची आस्या ही मुलगी थोड्या दिवसांच्या तपासणीसाठी आलेली असते. पाय तोडून घेण्यापेक्षा मेलेले बरे, पांगळ्याचे जिणे ते काय जिणे, असे ती त्यास बेधडक सांगून टाकते. पुढे त्याचा पाय जातो. काही दिवसांनी तीच आस्या रडत त्याच्याकडे येते; तिचे स्तन काढावयाचे ठरले असते. ती कोणाकडे येते हे पाहण्यासारखे आहे. घरच्यांकडे ती जात नाही, डॉक्टरांकडे जात नाही. ज्यास तिने मरणाचा सल्ला दिला होता, त्या एका पायाच्या मुलाकडे येते. आपले दुःख समजावून न सांगताच कळेल असा मनुष्य त्या इमारतीत तोच एक आहे, हे तिला कोणी शिकवावे लागत नाही. काठावरून केलेले बोलणे व पाण्यात उतरल्यावरचे बोलणे यांतील अंतर या दोन प्रसंगांइतके स्पष्ट आम्ही अन्यत्र कोठे वाचलेले नाही.

परंतु सोल्झेनित्सिन भाबडा नाही, आणि म्हणूनच तो विश्वासार्ह वाटतो. समदुःखी माणसांची संगत नेहमी हितकारकच असते असे तो मानीत नाही. कादंबरीच्या आरंभीच पोदुयेव हा रुग्ण नव्याने आलेल्या रुसानोव्हला, आता तू घरी जात नाहीस, अशा अर्थाचे बोलून हादरवून सोडतो. पुढे कोस्तोग्लोतोव्ह बर्च झाडावरील एका बुरशीच्या काढ्याची हकीकत सांगतो, तेव्हा सारा वॉर्ड कान टवकारतो आणि ज्याला त्याला तो पत्ता हवा असतो. ठाण्या-कल्याणच्या कोणत्याही आळीत हा प्रसंग नित्य घडतो, मात्र येथे बुरशीच्या जागी अमुक झाडपाला किंवा तमुक वैदू असतो. याच पोदुयेवच्या हाती टॉलस्टॉयच्या कथांचे पुस्तक येते आणि माणसे कशाच्या बळावर जगतात, हा त्यातला प्रश्न तो प्रत्येक खाटेस विचारीत सुटतो. कोणी शिधा म्हणतो, कोणी पगार म्हणतो, रुसानोव्ह तत्त्वनिष्ठेचे व समाजहिताचे नाव घेतो. उत्तरे जुळत नाहीत; पण सकाळी एकमेकांस भिववणारी ती माणसे एका प्रश्नाभोवती जमतात. रुग्णांच्या संगतीतले विष व औषध दोन्ही दाखविणारे असे चित्र आपल्याकडील एकाही कर्करोगकथेत आमच्या पाहण्यात आलेले नाही.

येथे शास्त्राचीही साक्ष घेणे उचित होईल. कारण या विषयात अतिशयोक्ती फार झाली आहे. अमेरिकेतील डॉक्टर डेव्हिड स्पीगेल व त्यांचे सहकारी यांनी स्तनाचा कर्करोग शरीरात पसरलेल्या ८६ स्त्रियांवर केलेला अभ्यास १९८९ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील ज्या स्त्रिया वर्षभर आठवड्यातून एकदा एकत्र बसून बोलत, त्या सरासरी ३६.६ महिने जगल्या, इतर १८.९ महिने. हे वृत्त जगभर गाजले, आणि मैत्रीने आयुष्य दुप्पट होते असे लोक बोलू लागले. मात्र २००१ मध्ये कॅनडातील पामेला गुडविन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २३५ स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. आढळले ते हे की, एकत्र बसणाऱ्या स्त्रियांचे मन अधिक स्थिर राहिले व त्यांस वेदना कमी जाणवली. लोकांनी पहिला निष्कर्ष लक्षात ठेवला व दुसरा विसरला. आम्हांस दुसराच अधिक मोलाचा वाटतो. सोबतीने आयुष्य वाढते म्हणून सोबत करावयाची असेल, तर तो व्यवहार झाला. सोबतीने आजची रात्र सुसह्य होते, एवढे कारण पुरेसे आहे, आणि ते खरेही आहे.

अशी सोबत घडविण्याचे प्रयत्न नाहीत असे नव्हे. न्यूयॉर्कमध्ये टेरीस लॅसर या बाईंनी स्वतःच्या स्तनशस्त्रक्रियेनंतर १९५२ साली इतर स्त्रियांच्या खाटेपाशी जाऊन बसण्यास आरंभ केला. मुंबईत वंदना गुप्ता यांनी स्वतः कर्करोगातून उठल्यावर १९९४ मध्ये ‘व्ही केअर’ ही संस्था काढली. दुसऱ्या एका व्याधीच्या बाबतीत तर महाराष्ट्राने हा मार्ग फार चांगला चोखाळला आहे. पुण्याचे ‘मुक्तांगण’ व्यसनमुक्ती केंद्र १९८६ साली सुरू झाले. तेथे व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच नव्याने आलेल्यांस हात देतात, आणि रुग्णास ‘रुग्णमित्र’ म्हणतात. त्या केंद्राची उभारणी करणाऱ्या डॉ. अनिता अवचट १९९७ मध्ये कर्करोगानेच गेल्या. अनिल अवचट यांनी मुक्तांगणाची हकीकत लिहिली आणि मराठी वाचकाने ती आपली मानली. त्या लेखनाचे यश कशात आहे? त्यात वीर नाहीत. घसरणारी, पुन्हा उठणारी व एकमेकांस सावरणारी माणसे आहेत. व्यसनाविषयी जे लिहिता आले, ते कर्करोगाविषयी लिहिता येऊ नये, असे काही नाही.

त्याहून जुना आधारही आपल्याजवळ आहे. पहाटे, घर निजलेले असता, जात्याशी बसून बायकांनी रचलेल्या ओव्या हे मराठीतले जागेपणीचे सर्वांत मोठे वाङ्मय होय. साने गुरुजींनी त्यांचे संग्रह केले. पुढे हेमा राईरकर व गी पॉइटवँ यांनी एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्या ओव्यांत सासरचा जाच आहे, मेलेले मूल आहे, दुखणे आहे. उपदेश मात्र क्वचित आहे. एकीने म्हणावे, दुसरीने खुंट्याला हात लावून साथ द्यावी, आणि सकाळी भाकरीपुरते पीठ तयार असावे, अशी ती रीत. दुःखाची तक्रार तेथे लाजिरवाणी मानीत नसत. ती कामाचा भाग होती. आपल्या आजारपणाच्या लेखकांनी हा वारसा सोडून विजयकथेचा साचा का पत्करला, याचे उत्तर त्यांच्या स्वभावात नाही. ते आमच्यासारख्या वाचकांच्या अपेक्षेत आहे. आम्हांस ‘प्रेरणा’ पाहिजे असते, आणि प्रेरणा निरोगी माणसास दिवसा लागते. रुग्णाइतास रात्री लागते ती साक्ष: आपल्यासारखेच आणखी कोणी या वेळी जागे होते आणि त्याने ते लपविले नाही, एवढीच.

म्हणून आमचे मागणे लेखकांकडेही आहे आणि वाचकांकडेही. ज्याने ही रात्र काढली आहे त्याने ती लिहावी. विजय मिळाला असो वा नसो, बारा ते चार या वेळात काय झाले ते लिहावे. राखीव डब्यातील बाकांवर जे बोलणे चालते त्याचे पुस्तक आमच्या वाचनात अद्याप आलेले नाही; ते यावे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. अशा जुन्या संस्थांनी महिन्यातील एक दुपार रुग्ण व त्यांची घरची मंडळी यांच्यासाठी राखावी, तेथे असे एखादे पुस्तक वाचावे व वाचून झाल्यावर माणसांस बोलू द्यावे. झाडपाल्याची गोष्ट निघालीच तर ती तपासून पाहण्यास एखादा जाणता डॉक्टर जवळ असावा. घरच्या माणसांनी तर एवढेच करावे की, ‘धीर धर’ म्हणण्याआधी ‘रात्री झोप लागली का?’ असे विचारावे, आणि ‘नाही’ हे उत्तर आले तर ते खोडून न काढता ऐकून घ्यावे. कोजागरीच्या लक्ष्मीचा प्रश्न वर्षातून एकदाच येतो. जाग्या मनुष्यास तो प्रत्येक रात्री हवा असतो, आणि तो विचारण्यास लक्ष्मीच यावी लागते असे नाही.